ताकाचा स्कोन आणि वर-खाली विस्तव

या धाग्यात आजवर गड, बंदरे, ताम्रपट आणि सनदा यांविषयी पुष्कळ लिहून झाले. आजचा विषय स्वयंपाकघरातला आहे आणि तो मुद्दाम निवडला आहे. टाळेबंदीच्या वर्षापासून घरच्या घरी केक, पाव, बिस्किटे भाजण्याची हौस आपल्याकडे फार वाढली. तिच्याबरोबर ताक घालून केलेला स्कोनही आला, आणि त्याच्या मागोमाग दोन ठाम मतेही आली. एक मत असे की भाजण्याची विद्याच आपल्याकडे नव्हती, ती साहेबाने शिकवली. दुसरे असे की स्कोन म्हणजे आपलीच भाकरी, ती विलायतेस गेली आणि नाव बदलून परतली. मला ही दोन्ही मते अमान्य आहेत. दोघांचाही दोष एकच आहे : पदार्थाचा इतिहास ते नावात शोधतात, कृतीत शोधत नाहीत.

पडताळणीसाठी एक गाव घेऊ. पनवेल–रोहा लोहमार्गावर पेण मागे पडले की पुढचे स्थानक कासू, आणि त्यानंतर नागोठणे. हा मार्ग रोह्यापर्यंत पोचला तो १९८६ मध्ये. त्याआधी या पट्ट्याचा जगाशी संबंध रस्त्याने आणि खाडीने. कासूच निवडण्याचे कारण साधे आहे. स्कोन तिथे जन्मावा अशी कोणतीही परिस्थिती नव्हती. हा भाताचा मुलूख. पेण–वडखळच्या बाजूला खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे, खारी जमीन पावसाच्या पाण्याने धुऊन निघू द्यायची आणि तिच्यात भात पिकवायचा, हे इथले कैक पिढ्यांचे शास्त्र. ‘शिलोत्री’ ही खारबंदिस्तीशी निगडित जमीनधारणेची जुनी पद्धत याच भागातली. गहू इथला नव्हे. अशा गावातल्या घरी आज कोणी स्कोन करायला घेतला, तर पीठ, ताक, सोडा आणि आच या चार गोष्टी लागतील. त्यांतले घरचे कोण आणि पाहुणे कोण, हे एकेक करून पाहू.

पण आधी स्कोनची ओळख नीट करून घेऊ, कारण आपण ज्याला स्कोन म्हणतो तो तुलनेने अलीकडचा आहे.

स्कोन मूळचा स्कॉटलंडचा. गॅव्हिन डग्लस या कवीने व्हर्जिलच्या महाकाव्याचे स्कॉट भाषेत भाषांतर केले, ते १५१३ मध्ये पुरे झाले. या शब्दाचा पहिला लिखित आढळ कोशकार त्यात दाखवतात. त्या काळचा स्कोन चहाच्या बशीत लोणी-मुरंब्यासह येणारा फुगीर, गोल तुकडा नव्हता. ओटच्या किंवा जवाच्या पिठाची जाड, चपटी भाकरी लोखंडी तव्यावर भाजायची आणि कापून तिचे चार भाग करायचे. अख्ख्या भाकरीला बॅनॉक म्हणत आणि चतकोरांना स्कोन. चतकोर हा शब्द माझा नव्हे, आपल्या भाषेचा आहे. पण दोन्हीकडे भाकरीचा चौथा हिस्सा मोजण्याची गरज सारखीच पडली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

इथे थोडे थांबायला हवे, कारण ‘आपलीच भाकरी तिकडे गेली’ हे म्हणणे नेमके इथेच डोके वर काढते. तव्यावर भाजलेली चपटी भाकरी जगात अनेक ठिकाणी आहे. मेक्सिकोत मक्याची आहे, इथिओपियात टेफ नावाच्या बारीक धान्याची आहे. ज्या धान्यात गव्हासारखा चिकटपणा नाही, ज्या घरात मोठी भट्टी नाही आणि सरपण जपून वापरावे लागते, तिथे माणूस तव्याकडेच वळतो. साम्य दिसले की वंशावळ जोडायची ही घाई आपण शिलालेखांच्या बाबतीत करत नाही. मग भाकरीच्या बाबतीत का करावी? स्कॉटलंडच्या शेतकरणीने आणि कुलाब्याच्या शेतकरणीने एकमेकींना न विचारता सारख्याच प्रश्नाला सारखेच उत्तर दिले. मला यात कोणाचाही अपमान दिसत नाही.

आता पीठ. हा पाहुणा. देशावरून घाट उतरून गहू कोकणात येई, पण तो सणासुदीचा. रोजच्या ताटात भात आणि तांदळाची भाकरी. पुढे युद्धकाळात रेशनिंग आले आणि १९५६ मध्ये अमेरिकेशी पी. एल. ४८० या नावाने ओळखला जाणारा करार झाला. त्यानंतर रेशनच्या दुकानांतून भातखाऊ मुलखातही गहू येऊ लागला. मैदा तर त्याहून उपरा. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यात चिवट जाळे तयार होते आणि ते वायू धरून ठेवते. तांदळाच्या पिठात हे जाळे होत नाही. म्हणून आपल्याकडच्या बायकांनी तांदळाच्या पिठाला वेगळ्याच वाटेने वळवले : उकळत्या पाण्यात उकड काढून भाकरी थापली, पीठ पातळ करून घावन घातले, आंबवून आंबोळ्या केल्या, केळीच्या पानात लपेटून पानगी भाजली. तांदळाच्या स्वभावाचे हे पुरते आकलन आहे. ज्यांना ते ‘मागासलेपण’ वाटते त्यांनी तांदळाच्या थंड पिठाची भाकरी एकदा थापून पाहावी.

धान्य माणसाला कसे वाकवते याचे एक उदाहरण पेण–अलिबागच्याच परिसरात आहे. बेने इस्राएल हा ज्यू समाज कित्येक शतके या किनाऱ्यावर राहिला. तेलाचा व्यवसाय आणि शनिवारची सुट्टी यांमुळे त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. त्यांच्या धर्मग्रंथातले जग गव्हाचे, जवाचे आणि भट्टीत भाजलेल्या भाकरीचे. पण एलियाहू संदेष्ट्याच्या स्मरणार्थ ते जो मलिदा करतात, तो गोड पोह्यांचा, नारळ घातलेला. प्रार्थना हिब्रू आणि ताटात पोहे. पेणचे पोहे आजही नावाजलेले आहेत, हे वाचकांना सांगायला नकोच.

ताक मात्र घरचे. आणि इथे मला थोडे चिडून लिहायचे आहे. स्कोनच्या इंग्रजी कृतींत बटरमिल्क लागते, आणि ते मिळाले नाही तर ‘दुधात लिंबू पिळून दहा मिनिटे ठेवा’ असा सल्ला असतो. आपली मुले तो सल्ला पाळतात. शेजारी माठाजवळ ताकाचे भांडे झाकून ठेवलेले असते आणि ही मंडळी दूध नासवत बसतात! बटरमिल्क म्हणजे लोणी काढल्यावर उरलेला आंबट द्रव, एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. आज पाश्चात्त्य दुकानांत त्या नावाने मिळते ते बहुधा मलई काढलेल्या दुधात विरजण घालून केलेले असते. त्याने लोणी पाहिलेलेही नसते. साय साठवून, विरजून, रवीने घुसळून लोणी काढणाऱ्या मराठी घरातले ताक मूळ वस्तूच्या अधिक जवळचे आहे. एवढेच की ते पाणी घालून पातळ केलेले नसावे, आणि दोन दिवसांचे आंबट असावे. ताकातली उकड ज्या ताकाने चांगली होते, त्याच ताकाने स्कोन चांगला होतो.

सोडा हा या गोष्टीतला सर्वांत तरुण पात्र. निकोला लब्लाँ या फ्रेंच माणसाने मिठापासून सोडा करण्याची रीत १७९१ मध्ये नोंदवली. खायचा सोडा प्रयोगशाळेत तयार झाला तो १८०१ च्या सुमारास, व्हॅलेंटिन रोझे या जर्मन औषधनिर्मात्याच्या हातून. सोडा स्वस्त होऊन घरोघर पोचायला आणखी काही दशके गेली, आणि १८३०–४० च्या सुमारास आयर्लंडमध्ये ताक व सोडा घालून केलेली भाकरी रुजली. म्हणजे १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा सोड्याने फुगवलेला स्कोन खुद्द विलायतेतही रुजला नव्हता. ‘शेकडो वर्षांची इंग्रजी परंपरा’ असे ज्याचे वर्णन होते, तो पदार्थ आजच्या रूपात औद्योगिक रसायनशास्त्राचे अपत्य आहे.

सोड्याचे काम ताकाच्या आंबटपणावर चालते. ताकातले आम्ल आणि सोडा एकत्र आले की कर्बवायू सुटतो आणि पीठ हलके होते. ही क्रिया ताबडतोब सुरू होते. म्हणून पीठ भिजवल्यावर वेळ घालवायचा नाही. आंबट ताक, बेसन आणि सोडा घेऊन ज्याने ढोकळा केला आहे, त्याला हे नव्याने शिकवावे लागत नाही. त्यातून पेण म्हणजे पापडांचे गाव. पापडखार हा क्षारच आहे; ताकात टाकला तर फेस त्यानेही येतो. म्हणजे क्षार घरात होता, आम्ल घरात होते, दोन्ही शेजारच्या बरण्यांत होती. ती एकत्र आणून भाकरी फुगवावी असे का वाटले नाही? कारण वायू धरून ठेवणारे पीठच नव्हते. शोध अंगच्या हुशारीने लागतात असे आपण मानतो. पुष्कळदा ते शेतात काय पिकते यावर ठरतात.

राहिली आच. माझ्या म्हणण्याचा खरा भार इथे आहे.

‘भाजणे म्हणजे ओव्हन’ हे समीकरण डोक्यात बसल्यामुळेच आपल्याकडे भाजणे नव्हते असा निष्कर्ष निघतो. ओव्हन करतो काय? पदार्थाला खालून, वरून आणि सभोवार कोरडी उष्णता देतो. हे काम कोकणातल्या घरांत वर-खाली विस्तवाने होत असे. जाड बुडाचे पातेले मंद निखाऱ्यांवर ठेवायचे, वर सपाट झाकण, आणि त्या झाकणावर पुन्हा निखारे. मोठ्या काकडीचे धोंडस असे होई : काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, नारळ, आणि वर-खाली विस्तव. सुरी फिरवून वड्या कापता येतील असा, वरून खरपूस आणि आतून मऊ पदार्थ. त्याला केक म्हणायचे की नाही हा वाद मी घालणार नाही. तो भाजलेला होता, यात वाद नाही.

पेण–रोहा भागाशी अधिक जवळचे उदाहरण निनाव्याचे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाची या पट्ट्यात जुनी वस्ती आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचेच. या समाजात श्रावणात निनावं करतात. गव्हाचे आणि हरभऱ्याच्या डाळीचे पीठ तुपावर भाजायचे, गूळ आणि नारळाचे दूध घालून घट्ट शिजवायचे, थाळीत ओतायचे आणि वरून लालसर होईपर्यंत पुन्हा भाजायचे. आज हे शेवटचे काम ओव्हनमध्ये होते, पूर्वी झाकणावरच्या निखाऱ्यांनी होई. ओव्हन आला, पदार्थ तोच राहिला. घरगुती भाजणे साहेबाकडून आले असते, तर ओव्हनच्या आधीचे निनावं आले कोठून?

आणि गंमत अशी की आयर्लंडमधली ताक-सोड्याची भाकरी ज्या घरांत वाढली त्यांपैकी बहुतेकांत ओव्हन नव्हताच. तीन पायांचे बिडाचे भांडे चुलीवर टांगायचे किंवा निखाऱ्यांवर ठेवायचे, झाकण लावायचे आणि झाकणावर पेटत्या पीटचे तुकडे रचायचे. त्या भांड्याला बॅस्टिबल म्हणत. पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेले इंधन, तिकडच्या गरिबाचे सरपण. वर-खाली विस्तव, दुसरे काय? ज्या स्कोनचे आणि सोडा-ब्रेडचे आपण ओव्हनशी अतूट नाते मानतो, त्यांतला एक तव्यावर जन्मला आणि दुसरा निखाऱ्याच्या झाकणाखाली.

मग पावाचे काय? अलिबागपलीकडे चौल–रेवदंडा सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होते; पाव हा शब्दच त्यांचा. पण पाव घरात भाजला गेला नाही. त्याला मोठी भट्टी, भरपूर लाकूड, आंबवण आणि एका वेळी शेकडो नग विकले जातील असा बाजार हवा. म्हणून तो भटारखान्याचा झाला आणि बाजारातून घरी आला. भट्टीचे भाजणे बाजारचे आणि निखाऱ्याचे भाजणे घरचे, अशी ही विभागणी. इतिहास लिहिणाऱ्यांनी भट्टी पाहिली, कारण तिच्या मालकाचे नाव, परवाना आणि कर कागदावर येतो. निखाऱ्यावर कर नव्हता.

बाजारच्या भाजक्या वस्तूविषयी जो संशय होता, तो तंत्राविषयी नव्हता. तो कोणाच्या हातचे, याविषयी होता. पुण्याचे पंचहौद प्रकरण आठवा. १८९० मध्ये मिशनच्या आवारात व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे फिरली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले आदी मंडळी हजर होती. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी नावे छापून आणवली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांवर मिटवावे लागले. काहींनी तर चहाला स्पर्शच केला नव्हता म्हणतात. तरी नावे लागलीच. पीठ, साखर, तूप यांपैकी त्या बिस्किटांत निषिद्ध असे बहुधा काहीच नव्हते. बशी पुढे करणारा हात मात्र मिशनरी होता. ज्यांना खाद्यपदार्थ हा गंभीर इतिहासाचा विषय वाटत नाही, त्यांनी या प्रकरणाचा कागदन्‌कागद वाचावा. आणि जे आज स्कोनला ‘परक्यांचे खाणे’ म्हणून नाके मुरडतात, त्यांनीही.

तर कासूच्या घरी स्कोन करायचाच असेल तर कसा करावा? पाव किलो मैदा (निम्मी कणीक चालते), अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे साखर. यात पन्नास ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चुरायचे. कोकणच्या दमट उकाड्यात लोणी हातातच विरघळते. ते आधी थंड करून घ्यावे आणि काम पहाटे उरकावे. मग साधारण दीडशे मिलिलिटर घट्ट, आंबट ताक लागेल तसे घालून पीठ फक्त एकत्र करायचे. मळायचे नाही. भाकरीचे पीठ मळमळून मऊ करण्याची सवय असलेल्या हाताला हे जड जाते, पण इथे चिवटपणा नको असतो. बोटभर जाडीचा गोल थापून त्याचे चतकोर करायचे, जुन्या स्कॉट रीतीने. बिडाचा तवा मंद आचेवर तापवून, पिठाची चिमूट भुरभुरवून, चतकोर ठेवायचे, वर झाकण; पाच-सहा मिनिटांनी उलटायचे आणि तितकाच वेळ पुन्हा भाजायचे. ओव्हन असेल तर २२० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे. सोडा वाढवण्याचा मोह टाळावा. ताकाच्या आंबटपणाला पुरून उरला की स्कोन पिवळा पडतो आणि साबणासारखा लागतो.

आता पुराव्याविषयी थोडे, कारण या धाग्याचे वाचक ते मागतातच. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे. ही पुस्तके अवश्य पाहावीत. कुलाबा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८३ मध्ये निघाले. पिके, बंदरे, जमीनमहसूल यांसाठी त्याला तोड नाही. पण झाकणावर निखारे किती ठेवावेत हे शोधण्याची ती जागा नव्हे. छापील पाककृती लिहिणारे बहुधा शहरातले, साक्षर घरांतले होते. भातशेती करणाऱ्या आणि आगरात राबणाऱ्या घरांची कृती हातातून हातात गेली. तिचा कागद नाही. गॅसच्या शेगडीत निखारा पडत नाही, त्यामुळे एका पिढीत तीही थांबली.

पण वस्तू आहेत. जुन्या घराच्या माळ्यावर जाड पितळेची, तांब्याची पातेली पडलेली असतात. त्यांची झाकणे उचलून पाहा. भांडे चुलीवर चढले की काळे पडते ते बूड. झाकणाची वरची बाजू करपलेली, डागाळलेली दिसली, तर तिथे विस्तव ठेवला जात होता. आजीला विचारताना ‘तुम्ही केक करत होता का?’ असे विचारू नका, ती नाहीच म्हणेल. ‘या झाकणावर निखारे कशासाठी ठेवायचात?’ असे विचारा. उत्तर तारखेसह, गावासह, पदार्थाच्या नावासह लिहून घ्या आणि झाकणाचे छायाचित्र काढून ठेवा. भांडी मोडीत जाण्याचा वेग पाहता हे काम या गणपतीला गावी जाल तेव्हाच केलेले बरे.